परताव्याचे पैसे आणि घरावरील कर्जे

प्राप्तिकराचा परतावा बँकेच्या खात्यात जमा झाल्याचा संदेश ज्या दिवशी येतो, त्या दिवशी मध्यमवर्गीय घरात एक वेगळीच प्रसन्नता पसरते. पगाराच्या दिवशी ती नसते. कारण पगार येण्यापूर्वीच त्याच्या वाटण्या झालेल्या असतात. परताव्याचे तसे नाही. तो कधी येणार हे नक्की ठाऊक नसते, किती येणार याचाही अंदाजच असतो, आणि म्हणून तो आला म्हणजे काही तरी अवचित हाती लागल्यासारखे वाटते. मग घरातील प्रत्येकाची एकेक राहून गेलेली इच्छा वर येते. कोणाला जुने शीतकपाट बदलावयाचे असते, कोणाला नवा मोबाइल हवा असतो, कोणाच्या मनात चार दिवस कोकणात जाऊन येण्याचे असते. या इच्छांत गैर असे काहीच नाही. परंतु त्याच घरातून त्याच महिन्यात पतपेढीचा हप्ता, गृहकर्जाचा हप्ता, सोनेतारणाचे व्याज आणि क्रेडिट कार्डाचे देणे अशा चार वाटांनी पैसा बाहेर जात असतो, ही गोष्ट त्या प्रसन्नतेत नेमकी विसरली जाते.

ही विस्मृती केवळ दुर्बळ मनाचे लक्षण आहे असे समजण्याचे कारण नाही. माणूस पैशाचा हिशेब एकाच वहीत ठेवीत नाही. त्याच्या मनात अनेक वह्या असतात. पगाराची वही वेगळी, बोनसची वेगळी, सापडलेल्या पैशाची वेगळी. रुपया तोच असला, तरी तो ज्या वहीत नोंदला जातो त्यावर त्याचे भवितव्य ठरते. मनाच्या या हिशेबपद्धतीचा शास्त्रशुद्ध विचार मांडणाऱ्यांत अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर हे अग्रणी होत. त्यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जो सिद्धान्त त्यांनी विद्यापीठात मांडला, त्याचा प्रत्यय आपल्याकडील गृहिणीच्या फडताळातील डब्यांतही येतो. वाण्याचा डबा, दुधाचा डबा, सणाचा डबा असे ती पैसे वेगळे ठेवते, ते शिस्तीसाठी. परताव्याचे पैसे मात्र यांतील कोणत्याच डब्याचे नसतात, आणि म्हणून त्यांना शिस्तही नसते.

परतावा म्हणजे काय?

प्रथम एक गैरसमज दूर व्हावयास हवा. परतावा ही शासनाची देणगी नव्हे, बक्षीस नव्हे, की लॉटरीही नव्हे. नोकरदाराच्या पगारातून उगमस्थानीच जी करकपात होते, ज्याला कार्यालयात सर्रास ‘टीडीएस’ म्हणतात, ती प्रत्यक्ष देय करापेक्षा अधिक झाली म्हणजे तो अधिक भाग विवरणपत्र भरल्यानंतर परत मिळतो. म्हणजे तो पैसा मुळात त्याच कुटुंबाचा होता. बारा महिने त्यांच्या पगारातून तुकड्यातुकड्याने तो कापला गेला आणि पुढील वर्षी एकरकमी परत आला, इतकेच.

ही अधिक कपात का होते, याची कारणे साधी आहेत. विमा, भविष्य निर्वाह निधी वा घरभाडे यांचे पुरावे कार्यालयात वेळेवर दिले जात नाहीत. मुदत ठेवीच्या व्याजावर बँक करकपात करते, पण ठेवीदाराचे एकूण उत्पन्न करपात्र नसते. वेतनाची जुनी थकबाकी एकाच वर्षात हाती पडते आणि तिच्यावरील सवलत मागण्याचे राहून जाते. शिवाय २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून एका नव्या कारणाची भर पडली. त्या वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागेनासा झाला. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्यांच्यापुरती ही मर्यादा पावणेतेरा लाखांपर्यंत गेली. तरीही कित्येकांनी वर्षानुवर्षांच्या सवयीने कार्यालयाला जुनी प्रणाली कळविली. कार्यालयाने तिच्यानुसार कर कापला. विवरणपत्र भरताना मात्र नवी प्रणाली लाभाची ठरली, आणि वर्षभर कापलेला सगळा कर परताव्याच्या रूपाने मागे आला.

हा पैसा शासनाकडे होता तेव्हा त्यावर व्याज मिळते काय? मिळते, पण ते समजून घेण्यासारखे आहे. विवरणपत्र मुदतीत भरले असेल, तर वर्ष संपल्यानंतरच्या १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का, म्हणजे वर्षाला सहा टक्के, अशा दराने ते दिले जाते. परताव्याची रक्कम ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल, तर तेही मिळत नाही. ज्या बारा महिन्यांत पगारातून पैसा कापला जात होता, त्या काळाचे व्याज तर कोणालाच मिळत नाही. आणि जे मिळते, ते पुन्हा उत्पन्न म्हणून दाखवावे लागते.

आता याच बारा महिन्यांत त्या घराने काय केले ते पाहावे. एका हाताने शासनाकडे बिनव्याजी पैसा जमा केला आणि महिनाअखेरीची तूट भरून काढण्यासाठी दुसऱ्या हाताने भारी व्याजाचे कर्ज काढले. परताव्याच्या आनंदामागे दडलेली ही गोष्ट एकदा ध्यानी आली, म्हणजे त्या पैशाकडे ‘सापडलेला’ म्हणून पाहणे आपोआप थांबते.

एका घराचा ताळेबंद

तत्त्वाची चर्चा आकड्यांवाचून पोकळ राहते. म्हणून एक काल्पनिक, परंतु कोणत्याही तालुक्याच्या गावी सहज आढळेल असे घर डोळ्यांपुढे आणावे. पती माध्यमिक शाळेत शिक्षक. वर्षाचे वेतन सुमारे ९ लाख ३० हजार. जुन्या सवयीने त्यांनी जुनी करप्रणाली कळविली आणि शाळेने वर्षभरात जवळजवळ ३६ हजार रुपये कर कापला. विवरणपत्र नव्या प्रणालीनुसार भरल्यावर देय कर शून्य आला आणि ३६ हजार रुपये परत मिळाले. पत्नी घर सांभाळून शिकवण्या घेतात. एक मुलगी महाविद्यालयात, मुलगा नववीत.

या घरावरील कर्जे पाच. गृहकर्जाचे १४ लाख बाकी, व्याजदर साडेआठ टक्के, मुदत अजून १५ वर्षे. पतपेढीचे २ लाख ४० हजार, दर अकरा टक्के. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी पत्नीच्या पाटल्या तारण ठेवून घेतलेले ६० हजार, दर बारा टक्के. त्याचे महिन्याचे ६०० रुपये व्याज तेवढे कसेबसे भरले जाते, मुद्दल तसेच राहते. क्रेडिट कार्डावर २४ हजार, दर महिन्याला साडेतीन टक्के. आणि पाचवे, मेहुण्याकडून आजारपणात घेतलेले १० हजार हातउसने. त्यावर व्याज नाही, कागद नाही, तगादाही नाही.

घरात चर्चा सुरू झाली म्हणजे बहुधा पहिला विचार गृहकर्जाचा होतो. ते सर्वांत मोठे असते आणि त्याचे ओझे मनावर सर्वाधिक असते. शिवाय त्याचे गणितही डोळे दिपविणारे आहे. हे ३६ हजार आज गृहकर्जात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर १५ वर्षांच्या शेवटचे सुमारे नऊ हप्ते, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास रक्कम वाचते. छत्तीस हजारांचे सव्वा लाख होतात, हे ऐकून कोणाचे मन वळणार नाही? परंतु या चमत्कारात व्याजदराचा वाटा थोडा आणि पंधरा वर्षांच्या काळाचा मोठा आहे. पहिल्या वर्षापुरते पाहिले, तर या भरण्याने ३,०६० रुपयांचे व्याज वाचते. पतपेढीत तेवढेच पैसे भरले तर ३,९६०, सोनेतारणात भरले तर ४,३२०. मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले, तर मिळतील २,३४० रुपयेच.

आणि क्रेडिट कार्ड? तेथे केवळ २४ हजारांचे देणे आहे; गृहकर्जाच्या पुढे ते नगण्य वाटते. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के, आणि त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के वस्तू व सेवा कर. वर्षाचा हिशेब जवळजवळ ११ हजार ९०० रुपयांवर जातो. बँक मात्र बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून साधारण पाच टक्के, म्हणजे येथे १,२०० रुपये, छापते आणि ग्राहकाला वाटते की आपण नियमित फेड करीत आहोत. या १,२०० रुपयांतील ८४० व्याजात जातात, सुमारे १५१ त्या व्याजावरील करात, आणि मुद्दलातून कमी होतात उणेपुरे २०९ रुपये. त्यातच बाकी राहिलेल्या कार्डावर नवी खरेदी केली, तर बिनव्याजी मुदतीची सवलतही मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. विहिरीला झरा मोठा आणि उपसा लहान असला, म्हणजे पाणी कधीच आटत नाही, तशी ही अवस्था होय.

येथे एक तुलना करण्याचा मोह आवरत नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली राज्य शासनाने जे कमाल दर ठरविले, त्यांनुसार परवानाधारक सावकाराने शेतकऱ्यांखेरीज इतरांना दिलेल्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही. ज्या सावकाराच्या नावाने समाज बोटे मोडतो, त्याच्यावर हे बंधन; आणि गुळगुळीत कागदावर बिल पाठविणाऱ्या कार्डाला त्याच्या दुपटीहून अधिक दर मोकळा. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांची मर्यादा घालू पाहिली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द ठरविला. तेव्हा या दरापासून संरक्षण देणारा कायदा नाही. बाकी वेळेवर फेडणे हेच काय ते संरक्षण.

गणित आणि माणसे

म्हणून क्रम स्पष्ट आहे: ज्या कर्जाचा दर अधिक, ते आधी फेडावे. सर्वांत मोठे किंवा सर्वांत जुने कर्ज कोणते, हा प्रश्न दुय्यम. दराच्या या कसोटीने कार्डाचे २४ हजार प्रथम संपूर्ण फेडले पाहिजेत. उरतात १२ हजार.

केवळ गणित मानणारा म्हणेल, की हे १२ हजार सोनेतारणात भरा. पण घर म्हणजे केवळ खतावणी नव्हे. मेहुण्याच्या दहा हजारांवर व्याज शून्य आहे, म्हणून गणिताच्या यादीत ते अगदी तळाशी जातात, आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षे राहतात. ज्याने कागद मागितला नाही, त्याचे पैसे सर्वांच्या मागून द्यावयाचे, हा व्यवहार कायद्याने निर्दोष असला तरी तो नात्याला हळूहळू पोखरतो. सणासमारंभात समोरासमोर येताना एकाच्या नजरेत संकोच आणि दुसऱ्याच्या मनात न बोललेली आठवण राहते. अशा देण्यातील निदान निम्मे, पाच हजार, पहिल्याच फेरीत परत गेले, तर उरलेल्या पाच हजारांची मुदत मोकळेपणाने मागता येते. व्याज नसलेल्या कर्जाचे व्याज असे शब्द पाळून द्यावयाचे असते.

राहिलेल्या सात हजारांतील पाच हजार बचत खात्यात अडीनडीसाठी राहावेत. ही सूचना विचित्र वाटेल; साडेतीन टक्के मासिक व्याजाचा एवढा धसका घेतल्यावर पैसा नुसता पडू कशाला द्यावा? उत्तर अनुभवातच आहे. हाताशी काहीच नसेल, तर दोन महिन्यांनी येणारे एखादे तापाचे आजारपण वा दुचाकीची दुरुस्ती पुन्हा त्याच कार्डावर जाते, आणि फेड केल्याचे समाधान क्षणभंगुर ठरते. पाच हजार ही रक्कम फार नव्हे, पण ती पहिला धक्का सोसते.

आणि शेवटचे दोन हजार? ते घराच्या आनंदासाठी खुशाल खर्च करावेत. वर्षभर मन मारून राहिलेल्या मुलांना परताव्यातून एक रुपयाही दिसला नाही, तर कर्जफेड ही त्यांना शिक्षा वाटेल. ज्या शिस्तीत आनंदाला जागाच नाही, ती शिस्त दुसऱ्या वर्षी टिकत नाही.

हा निर्णय कोणी घ्यावयाचा, हाही प्रश्न कमी महत्त्वाचा नाही. परतावा पतीच्या खात्यात जमा होतो, पण तारण पडलेल्या पाटल्या पत्नीच्या आहेत. पुष्कळ घरांत कार्डाचे देणे पत्नीला ठाऊक नसते आणि भिशीसाठी काढलेली उसनवारी पतीला. कर्ज लपविले, की ते वाढते. कारण लपविलेल्या कर्जाची फेडही लपूनछपून, म्हणजे अपुरीच, करावी लागते. परतावा आला त्या संध्याकाळी दोघांनी एका कागदावर सर्व देणी मांडावीत: कोणाचे, किती, काय दराने, कधीपर्यंत. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीलाही त्या कागदापाशी बसवावे. तिच्या प्रवेशासाठी काय तारण पडले हे तिला कळलेच पाहिजे. तिच्यावर उपकाराचे ओझे टाकण्यासाठी नव्हे, तर उद्या तिच्या हाती पहिले कार्ड पडेल तेव्हा तिला या कागदाची आठवण राहावी म्हणून.

फेडल्यानंतरची परीक्षा

खरी कसोटी कर्ज फेडले त्या दिवशी लागत नाही. ती पुढील सहा महिन्यांत लागते. अमेरिकेने २००१ साली करदात्यांना सवलतीचे धनादेश पाठविले. एकट्या व्यक्तीला ३०० डॉलरपर्यंत आणि जोडप्याला ६०० डॉलरपर्यंत. मिशिगन विद्यापीठातील शापिरो आणि स्लेमरॉड या अर्थशास्त्रज्ञांनी लोकांना विचारले, तेव्हा हे पैसे मुख्यतः खर्च करू असे सांगणारे एक चतुर्थांशाहूनही कमी निघाले. बहुतेकांनी बचतीचे वा कर्जफेडीचे नाव घेतले. पुढे अगरवाल, लिऊ आणि सोलेलेस या तिघांनी क्रेडिट कार्डांच्या प्रत्यक्ष नोंदी तपासून २००७ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले, की लोकांनी पैसा आल्यावर कार्डावरील देणे खरोखरच कमी केले. परंतु थोड्याच महिन्यांत त्याच कार्डांवरील खर्च पुन्हा वाढला. म्हणजे लोक खोटे बोलले नव्हते. त्यांनी फेड केली होती. मोकळी झालेली जागा मात्र त्यांना रिकामी ठेवता आली नाही.

आपल्याकडील पगारदारांच्या पतपेढ्यांत याच प्रवृत्तीला एक रूढ नाव आहे: कर्ज ‘नवे-जुने’ करणे. निम्मे कर्ज फिटले, की नवे मोठे कर्ज काढून त्यातून जुने मिटवावयाचे आणि वरची रक्कम घरी न्यावयाची. नोकरीची तीस वर्षे अशा रीतीने एकच कर्ज अंगावर बाळगणारे कर्मचारी कोणत्याही कार्यालयात सापडतील. पतपेढीने मध्यमवर्गावर केलेले उपकार निर्विवाद आहेत. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या ४९ व्या कलमानुसार हप्ता पगारातूनच कापून संस्थेकडे जात असल्याने तिला कर्ज देणे सुलभ होते आणि सभासदाला ते सावकाराहून कितीतरी स्वस्त पडते. परंतु जी कपात वेतनपत्रकावर होते, ती डोळ्यांआड होते, आणि डोळ्यांआड झालेले कर्ज कायमचे होऊन बसते. त्यातच त्या कर्जाला दोन सहकारी जामीन राहिलेले असतात. आपले कर्ज नवे-जुने करणारा सभासद त्यांची जोखीमही नव्याने वाढवीत असतो, याचा विचार क्वचितच होतो.

म्हणून कार्डाचे देणे फिटले त्याच आठवड्यात दोन कामे करावीत. बँकेला लिहून कार्डाची मर्यादा कमी करून घ्यावी, किंवा कार्ड गरजेचे नसेल तर ते बंदच करावे. आणि दरमहा कार्डाकडे जाणारे १,२०० रुपये बँकेला स्थायी सूचना देऊन पुढील कर्जाकडे वळवावेत. ते खात्यात मोकळे राहिले, तर महिनाभरात त्यांचा माग लागणार नाही.

याहून मोठे काम पुढच्या एप्रिलचे आहे. वर्षारंभीच शाळेला योग्य करप्रणाली कळविली, तर या शिक्षकाच्या पगारातून दरमहा जवळजवळ ३ हजार रुपये कापलेच जाणार नाहीत. ते आणि कार्डाचे सुटलेले १,२०० मिळून ४,२०० रुपये महिन्याला हाती उरतात. त्यांतून आधी मेहुण्याचे उरलेले पाच हजार जातील. नंतर तीच रक्कम, नेहमीच्या ६०० रुपये व्याजासह, सोनेतारणाकडे वळली, तर सव्वा वर्षाच्या आसपास पत्नीच्या पाटल्या घरी येतील. एकरकमी परतावा न येताही हे घडेल. किंबहुना तो न आल्यामुळेच घडेल.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दरमहा तीन हजार हातात आले तर ते खर्चून जातील. शासनाकडे पडून राहिले, म्हणून तर एकदम छत्तीस हजार दिसले, असे पुष्कळांचे म्हणणे असते. सक्तीच्या बचतीचा हा युक्तिवाद माणसाच्या स्वभावाला धरून आहे. पण सक्तीच हवी असेल, तर ती पतपेढीतील वा बँकेतील आवर्ती ठेवीनेही होते, आणि कर्जाच्या जादा हप्त्याने तर अधिकच चांगली होते. बेचाळीस टक्क्यांचे देणे अंगावर असताना शासनाला कुलूप म्हणून वापरणे हे फार महागडे कुलूप होय.

गृहकर्ज असलेल्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. व्यक्तीने घेतलेले गृहकर्ज बदलत्या व्याजदराचे असेल, तर त्याच्या मुदतपूर्व फेडीवर बँकेला दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने हे बंधन बँकांवर २०१२ मध्येच घातले आहे. तसेच व्याजदर बदलला म्हणजे हप्ता बदलावयाचा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदाराला मिळावी, असे तिने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले. दर उतरल्यावर हप्ता कमी करून घेण्याचा मोह होतो; तो टाळून मुदत कमी केली, तर घर लवकर मोकळे होते. भारी दराची कर्जे फिटल्यानंतर परताव्याचा पैसा गृहकर्जाकडे वळविणे हे मग शहाणपणाचे ठरते. तोवर मात्र त्या सव्वा लाखाच्या चमत्काराला दूर ठेवावे.

खोट्या परताव्याचे कर्ज

शेवटी एका अनिष्ट प्रकाराचा उल्लेख करणे भाग आहे. परताव्याची गोडी लागल्यामुळे, न केलेल्या देणग्या, न भरलेले घरभाडे, न घेतलेली शैक्षणिक कर्जे दाखवून मोठा परतावा मिळवून देऊ असे सांगणारे दलाल कार्यालयांच्या आसपास वावरू लागले. मिळालेल्या परताव्यातील ठराविक टक्के त्यांचे. प्राप्तिकर खात्याने जुलै २०२५ मध्ये अशा खोट्या वजावटींच्या संशयावरून देशभर सुमारे १५० ठिकाणी तपासणी केली. उत्पन्न चुकीचे दाखविल्याचे सिद्ध झाले, तर बुडविलेल्या कराच्या दुपटीइतका दंड कायद्याने होऊ शकतो. कर आणि व्याज वेगळेच. म्हणजे खोटा परतावा हे स्वतःच एक कर्ज आहे. ज्याची परतफेड तिपटीहून अधिक आणि ज्यासाठी जामीन राहावयास कोणी पुढे येत नाही, असे कर्ज. विद्यार्थ्यांना प्रामाणिकपणा शिकविणाऱ्याने दलालाच्या सांगण्यावरून खोट्या देणगीची पावती जोडावी, यातील विसंगती तर आकड्यांत मांडताही येणार नाही. त्याचप्रमाणे ‘तुमचा परतावा मंजूर झाला आहे, या दुव्यावर खात्याची माहिती भरा’ असे संदेश धाडणाऱ्या भामट्यांपासूनही सावध राहावयास हवे. परतावा विवरणपत्रात नोंदलेल्या, आधीच पडताळलेल्या खात्यातच जमा होतो. त्यासाठी कोणाला सांकेतिक क्रमांक सांगावा लागत नाही.

मध्यमवर्गाला पैशाचे व्यवहार चारचौघांत बोलण्याचा संकोच वाटतो. शिक्षकांच्या खोलीत वेतन आयोगावर तासन् तास चर्चा होते. आपल्यावर किती कर्ज आहे हे मात्र शेजारच्या खुर्चीवरील मित्रालाही कोणी सांगत नाही, मग तो मित्र त्या कर्जाला जामीन का असेना. या संकोचामुळेच घराघरांत त्याच चुका स्वतंत्रपणे होत राहतात. परताव्याचे ३६ हजार कोणाचे आयुष्य पालटून टाकणार नाहीत. परंतु ते ज्या दिवशी येतात, त्या दिवशी घरातील सर्व देण्यांचा कागद एकदा तरी उघडण्याचे धैर्य त्यांच्यामुळे येते. तारणाच्या पेढीतील पाकिटात बांधून पडलेल्या पाटल्या परत हातात येण्याची तारीख त्या कागदावर लिहिता आली, तर परतावा सत्कारणी लागला असे म्हणावयास हरकत नाही.